सालईचा डिंक आणि सांध्यांची सूज

सालई हे विंध्य-सातपुड्याच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर वाढणारे मध्यम उंचीचे पानझडी झाड आहे. सालीला छेद दिला की त्यातून दाट, पिवळसर, सुवासिक चीक पाझरतो आणि हवेवर वाळून त्याचे खडे होतात. हे खडे शतकानुशतके निखाऱ्यावर धूप म्हणून जळत आले आणि औषध म्हणून पोटातही जात आले. त्यातील बॉसवेलिक आम्लांचा गट दाहशामक वनस्पतिद्रव्यांमध्ये आज सर्वाधिक अभ्यासलेल्या गटांपैकी आहे. वनस्पतिशास्त्रात या झाडाचे नाव बॉसवेलिया सेराटा. गुग्गुळ आणि हिराबोळ देणारी झुडपे याच्याच कुळातली, तर अरबस्तान आणि सोमालियातून येणारा ऊद देणारी झाडे याच्याच प्रजातीतली आहेत.

इंदूरचा राजवाडा ज्या होळकर संस्थानाचे केंद्र होता, त्यात माळव्याच्या पठाराबरोबर निमाडचाही मोठा भाग येत असे. सालई आहे ती मुख्यतः निमाडाकडे. विंध्याचा कडा उतरून नर्मदेच्या खोऱ्यात गेले आणि पलीकडे सातपुडा चढू लागले की साग, धावडा आणि अंजन यांच्या जोडीला पांढुरक्या-राखाडी, कागदासारखे पापुद्रे सुटणाऱ्या सालीची ही झाडे दिसू लागतात. जिथे माती इतकी उथळ की साग खुरटतो, तिथे सालई तग धरते. वणव्याला ती सहसा दाद देत नाही आणि गुरेही तिच्या वाटेला फारशी जात नाहीत. हाच पट्टा पुढे बऱ्हाणपूर, मेळघाट आणि खानदेशाच्या डोंगरांत शिरतो. भिल्ल, बारेला, कोरकू आणि उत्तरेकडे श्योपूर भागातील सहरिया हे समाज हा डिंक गोळा करत आले आहेत.

राजवाड्याभोवतीच्या जुन्या पेठांत पूजेचे साहित्य, सुका मेवा आणि काष्ठौषधी बहुधा एकाच छपराखाली विकल्या जातात. तिथे सालईचा डिंक मागताना मात्र जपावे लागते, कारण धुपाच्या नावाखाली निदान चार वेगवेगळे पदार्थ मिळतात. 'सालई गुग्गुळ' असे नाव चालत असले, तरी तो खरा गुग्गुळ नव्हे. खरा गुग्गुळ कच्छ-राजस्थानच्या वाळवंटी झुडपाचा असतो आणि त्यातील रसायने निराळी असतात. लोबान म्हणून मिळते ती बहुतेक वेळा सुमात्रा-सयामकडच्या स्टायरॅक्स झाडांची राळ. नुसती 'राळ' म्हणजे साल वृक्षाची. अरबी-आफ्रिकी ऊद पूर्वी एडनमार्गे मुंबईच्या बाजारात उतरत असे आणि तिथूनच युरोपकडे पुन्हा निर्यात होई. या चौघांपैकी बॉसवेलिक आम्ले असतात ती फक्त या ऊदात, कारण तो सालईच्या सख्ख्या नातलगांचा. देवघरात चारही सारख्याच गोडीने धुमसतात, त्यामुळे तिथे फरक पडत नाही. औषध म्हणून घ्यायचे असेल तर पडतो.

डिंक काढण्याचा हंगाम साधारण कार्तिकापासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतो. खोडावर सालीचा पातळ पट्टा तासतात आणि दर काही दिवसांनी जखम थोडी वर वाढवून ताजी करतात. ओघळलेला चीक खरवडून बांबूच्या टोपल्यांत भरतात. महिनाभर टोपली तशीच ठेवली की पातळ भाग निथळून जातो आणि घट्ट राळ मागे राहते. ती हळूहळू कडक झाली की फोडून, सालपे-काड्या हाताने निवडून, रंग आणि आकारानुसार तिची प्रतवारी लावतात. पूर्ण वाढलेले झाड वर्षाला किलो-दीड किलो माल देते. मेहनत पाहता हे उत्पन्न थोडेच म्हणायचे, आणि झाडावर अधिक खोल, अधिक वेळा घाव घालण्याचा मोह इथूनच सुरू होतो.

आयुर्वेदाच्या निघंटूंत या झाडाला शल्लकी म्हटले आहे आणि त्याच्या डिंकाला कुंदुरू. झाडाचे आणखी एक नाव गजभक्ष्या, म्हणजे हत्तींचे खाद्य. निमाडात आज रानहत्ती नाहीत. पण अबुल फझलच्या 'ऐन-ई-अकबरी'त माळवा सुभ्यातील हत्तींच्या ठिकाणांत बिजागडचा उल्लेख आहे, आणि हे बिजागड आजच्या खरगोन जिल्ह्यात येते. तेव्हा ते नाव निव्वळ कविकल्पना म्हणून सोडून देता येत नाही. वैद्यक परंपरेत साल तुरट म्हणून अतिसार व रक्तस्रावावर, तर डिंक व्रण, सूज, सांधेदुखी आणि दमा यांवर वापरला गेला. यांतील सूज, सांधे, आतडे आणि दमा हे विषय पुढे प्रयोगशाळेतही जवळजवळ याच क्रमाने आले.

रासायनिकदृष्ट्या सालईचा चीक तीन भागांचा असतो. पाच ते दहा टक्के उडणारे सुगंधी तेल, तीस ते साठ टक्के राळ आणि उरलेला पाण्यात विरघळणारा, साखरेच्या साखळ्यांचा खरा डिंक. धुपाचा वास तेलाचा. दाहशामक गुण सांगितला जातो तो राळेचा, आणि राळेतही मुख्यतः बॉसवेलिक आम्लांचा. ही आम्ले ट्रायटर्पीन वर्गातील आहेत. तीस कार्बन अणूंचा सांगाडा, त्यात एकमेकांना चिकटलेली पाच कडी आणि एका बाजूला आम्लधर्मी गट, अशी त्यांची ठेवण असते. ऊदातून 'बॉसवेलिक आम्ल' प्रथम वेगळे काढले गेले 1898 मध्ये, चिर्श आणि हाल्बे या रसायनशास्त्रज्ञांकडून. पुढे कळले की हे एकच द्रव्य नसून एक कुटुंब आहे. बीटा-बॉसवेलिक आम्ल त्यात भरपूर असते. अॅसिटिल-11-कीटो-बीटा-बॉसवेलिक आम्ल, ज्याला अभ्यासक 'एकेबीए' या आद्याक्षरांनीच ओळखतात, ते मात्र साध्या अर्कात दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच असते. प्रयोगशाळेत सर्वांत जोरकस ठरले ते हेच.

आधुनिक औषधशास्त्रात सालईचा प्रवेश झाला तो जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतून. तिथल्या जी. बी. सिंग आणि सी. के. अटल यांनी 1986 मध्ये सालईच्या अर्कावरचे काम प्रसिद्ध केले. उंदरांच्या पंजात समुद्रशैवालापासून मिळणारे कॅराजीनन टोचून सूज आणायची आणि औषधाने ती किती रोखली जाते हे मोजायचे, ही अशा द्रव्यांची नेहमीची पहिली परीक्षा. सालईचा अर्क तीत उतरला. त्याहून लक्षवेधी गोष्ट अशी की अॅस्पिरिनसारख्या औषधांनी जठराला जे व्रण पडतात, ते या अर्काने पडले नाहीत. म्हणजे हा अर्क सूज उतरवत असला, तरी अॅस्पिरिनच्या वाटेने उतरवत नसावा.

ती वाट कोणती, हे समजण्यासाठी सूज म्हणजे काय ते पाहायला हवे. पेशीच्या पडद्यात अॅराकिडोनिक आम्ल नावाचे मेदाम्ल साठवलेले असते. इजा किंवा संसर्ग झाला की ते सुटे होते आणि त्याच्यापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. सायक्लोऑक्सिजिनेज या विकराच्या हाती लागले तर त्याची प्रोस्टाग्लँडिने बनतात. वेदना, ताप, लाली ही त्यांची कामे, पण जठराच्या अस्तराचे रक्षण हेही त्यांचेच काम. 5-लायपॉक्सिजिनेज या दुसऱ्या विकराच्या हाती लागले तर ल्युकोट्राईने बनतात. ती पांढऱ्या पेशींना सुजेच्या जागी बोलावतात आणि श्वासनलिका आवळतात. अॅस्पिरिन पहिला मार्ग अडवते, हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवले. त्यांना आणि या द्रव्यांवर काम करणाऱ्या बेर्गस्ट्रॉम व सॅम्युएल्सन यांना 1982 चे नोबेल मिळाले. जठराला होणारी इजा हे पहिला मार्ग अडवल्याचेच फळ.

जर्मनीतील ट्युबिंगन विद्यापीठात सफायही, अम्मोन आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखवले की बॉसवेलिक आम्ले दुसरा मार्ग अडवतात. एकेबीए 5-लायपॉक्सिजिनेजला थेट जखडते, आणि तेही बहुतेक वनस्पतिद्रव्यांसारखे ऑक्सिडीकरण रोखून नव्हे. हा खुलासा फार नेटका होता. जठर का बचावले याचे उत्तर त्यातून मिळत होते आणि दमा व आतड्यांच्या सुजेवर हा डिंक का दिला जात असे, तेही उलगडत होते. सालईच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकांत आजही बहुधा हीच गोष्ट छापलेली असते.

अडचण नंतर लक्षात आली. नळीतल्या पांढऱ्या पेशींमध्ये हे विकर निम्म्यावर आणायला एकेबीएची जेवढी तीव्रता लागते, तिच्या कित्येक पटींनी कमी तीव्रता नेहमीच्या मात्रेनंतर माणसाच्या रक्तात आढळते. जे आढळते त्यातलेही बहुतांश रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून असते. मग काम कोण करते? ऑलिव्हर वेर्त्स आणि इतरांनी 2009 पासून दुसरी लक्ष्ये शोधली. पांढऱ्या पेशींतील कॅथेप्सिन-जी हे प्रथिने चिरणारे विकर आणि सुजेच्या वेळी प्रोस्टाग्लँडिन-ई2 बनवणारे विकर ही त्यांतली दोन. या दोन्हींवर बीटा-बॉसवेलिक आम्ल परिणाम करते, आणि ते रक्तात पुरेशा प्रमाणात पोहोचतेही. म्हणजे ज्याला नायक ठरवले गेले होते त्याच्या शेजारी उभा असलेला साधा, मुबलक घटकच कदाचित अधिक काम करत असावा. एकेबीए समृद्ध करून महाग विकल्या जाणाऱ्या अर्कांना हे थोडे गैरसोयीचे आहे.

एकेबीएची बाजू मात्र तिथे संपली नाही. 2020 मध्ये 5-लायपॉक्सिजिनेज आणि एकेबीए यांच्या जोडीची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. एकेबीए विकराच्या मुख्य खाचेत बसतच नाही. ते दूर, विकराचे दोन भाग जिथे जुळतात तिथे पाचरीसारखे शिरते आणि तिथूनच खाचेचा आकार पालटते. त्यामुळे विकर नुसते थंडावत नाही, तर अॅराकिडोनिक आम्लाला वेगळ्याच जागी ऑक्सिजन जोडू लागते आणि ल्युकोट्राईनांऐवजी दुसरी उत्पादने तयार होतात. त्यांतली काही सूज ओसरवणाऱ्या द्रव्यांच्या वाटेवरची आहेत. औषध म्हणजे कुलपातली किल्ली, ही शाळेत शिकलेली कल्पना इथे अपुरी पडते.

रुग्णांवरच्या चाचण्यांकडे वळले की मराठी मुलखातले सर्वांत महत्त्वाचे नाव येते ते नागपूरचे. किम्मतकर, ठवानी आणि सहकाऱ्यांनी नागपुरात केलेली चाचणी 2003 मध्ये 'फायटोमेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. गुडघ्यांची झीज असलेले तीस रुग्ण घेतले होते. पंधरांना सालईचा अर्क आणि पंधरांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही नव्हते. आठ आठवड्यांनंतर औषधाचा अंमल उतरावा म्हणून मधे तीन आठवडे सोडले आणि मग गट उलटवले. ज्यांनी अर्क घेतला होता त्यांना निष्क्रिय गोळी, इतरांना अर्क, पुन्हा आठ आठवडे. या उलटापालटीचा फायदा असा की प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, त्यामुळे रुग्ण थोडे असले तरी निष्कर्षाला वजन येते.

अर्क घेत असताना रुग्णांच्या वेदना कमी झाल्या, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले आणि सुजेच्या तक्रारी घटल्या. क्ष-किरण छायाचित्रांत मात्र काहीही फरक दिसला नाही. कूर्चेची झालेली झीज भरून आली नव्हती. जाहिरातींत 'सांधे पुन्हा नवे' असे काहीबाही लिहिले जाते, त्याला आधार नाही. दुष्परिणाम पोटाच्या किरकोळ तक्रारींपुरतेच राहिले.

नागपूरच्याच गटाने 2007 मध्ये आणखी एक चाचणी प्रसिद्ध केली. यात 66 रुग्ण होते आणि सालईच्या जोडीला स्पर्धक म्हणून व्हॅल्डेकॉक्सिब हे आधुनिक दाहशामक औषध होते. औषधे सहा महिने दिली. व्हॅल्डेकॉक्सिबने लवकर आराम दिला, पण औषध थांबताच आरामही गेला. सालईचा गुण उशिरा आला, आणि औषध बंद केल्यावर महिनाभर टिकून राहिला. ही चाचणी खुली होती, म्हणजे कोण काय घेत आहे हे सर्वांना ठाऊक होते. तेवढी तिची किंमत कमी धरावी लागते. निकाल छापून येईपर्यंत व्हॅल्डेकॉक्सिब मात्र हृदयविकाराचा धोका आणि त्वचेच्या गंभीर प्रतिक्रिया यांमुळे 2005 मध्येच बाजारातून गेले होते.

यानंतर भारतात, विशेषतः आंध्र प्रदेशात, एकेबीएचे प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत वाढवलेल्या अर्कावर नव्वद दिवसांच्या चाचण्या झाल्या. 2014 च्या कॉक्रेन पाहणीत अशा दोन चाचण्यांतील 85 रुग्णांचा हिशेब मांडला आहे. रोज 100 मिलिग्रॅम समृद्ध अर्क घेणाऱ्यांच्या वेदना निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा शंभरपैकी सतरा गुणांनी कमी होत्या. सात चाचण्यांतील 545 रुग्णांचा 2020 मधील एकत्रित आढावाही याच दिशेचा आहे. परिणाम दिसायला किमान चार आठवडे द्यावेत, असे त्याचे सांगणे. हे आकडे उत्साहवर्धक आहेत, पण बहुतेक चाचण्या लहान, काही महिन्यांच्या आणि त्यांतल्या बऱ्याच अर्क बनवणाऱ्या कंपन्यांच्या मदतीने झालेल्या आहेत. गुडघेदुखीवर सालईचा उपयोग होतो असे आज म्हणता येते. वर्षानुवर्षे घेतल्यास काय होते, हे या चाचण्या सांगत नाहीत.

गुडघ्यांच्या पलीकडे पुरावा लगेच विरळ होतो. जम्मूच्या गटाने 1997 मध्ये मोठ्या आतड्याच्या व्रणदाहावर आणि 1998 मध्ये दम्यावर चांगले निकाल मांडले, पण ते प्रयोग लहानच राहिले. क्रोन या आतड्यांच्या रोगावर जर्मनीत झालेल्या वर्षभराच्या चाचणीत (2011) सालई निष्क्रिय गोळीहून सरस ठरली नाही. वेगळा निघाला तो मेंदूच्या गाठींभोवतालच्या सुजेचा विषय. फ्रायबुर्ग येथे किरणोपचार घेणाऱ्या 44 रुग्णांत रोज 4200 मिलिग्रॅम अर्क दिला. सूज तीन चतुर्थांशाहून अधिक उतरल्याचे अर्क घेणाऱ्या साठ टक्के रुग्णांत दिसले, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ते प्रमाण सव्वीस टक्के होते. एरवी अशा सुजेला स्टिरॉइडे द्यावी लागतात, म्हणून हा निकाल मोलाचा. तो गाठीवरचा उपचार नाही आणि ही मात्रा घरी घेण्याची नाही.

घरगुती वापरात पहिला घोटाळा मात्रेचा असतो. नागपूरच्या पहिल्या चाचणीत 333 मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून तीनदा दिली होती आणि ती कच्च्या खड्यांची नव्हे, तर शुद्ध केलेल्या अर्काची होती. खडा चघळण्याने तेवढी आम्ले मिळतीलच याची खात्री नाही आणि धुरातून तर नाहीच. बाटलीवर 'पासष्ट टक्के बॉसवेलिक आम्ले' असे लिहिलेले असते तेव्हा तो आकडा बहुधा अनुमापनाने काढलेला असतो. या पद्धतीत राळेतली सगळीच सेंद्रिय आम्ले मोजली जातात. क्रोमॅटोग्राफीने प्रत्येक आम्ल वेगळे मोजले की आकडा बराच खाली येतो. एकेबीए आणि बीटा-बॉसवेलिक आम्लाचे प्रमाण स्वतंत्रपणे छापलेले असेल, तर ते उत्पादन निदान तपासून बनवले आहे असे समजावे.

ही आम्ले तेलात विरघळणारी, पाण्यात नव्हे. उपाशीपोटी घेतली तर फारच थोडी शोषली जातात. भरपूर स्निग्ध जेवणानंतर रक्तातले प्रमाण कित्येक पटींनी वाढते, असे मोजमापांतून दिसले आहे. सालई तुपाबरोबर किंवा जेवणानंतर देण्याची वैद्यांची रीत इथे रसायनशास्त्राशी जुळते. दुष्परिणाम बहुधा मळमळ, आंबट ढेकर, पातळ शौच एवढेच. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांत मात्र सालईमुळे त्या औषधाचा अंमल वाढल्याच्या नोंदी आहेत. अशा रुग्णांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

औषधाला मागणी येण्याच्या आधीपासूनच सालईच्या जंगलावर दुसऱ्या गरजांचा भार होता. तिचे लाकूड हलके आणि मऊ. खोकी, आगपेट्या यांना ते चालते. निमाडातच, नेपानगर येथे, भारतातला पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना 1956 मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, तो बांबू आणि सालईच्याच भरवशावर. बियांपासून सालईची पैदास फार कमी होते. तिला स्वतःच्याच झाडाचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या झाडाचे लागतात. ते वाहून आणण्याचे काम प्रामुख्याने आग्या मोहोळाच्या माशांसारख्या मधमाश्यांचे. झाडे विरळ झाली की परागही मिळत नाहीत. निष्पर्ण फांद्यांवर उन्हाळ्याच्या तोंडाला असंख्य फुले येतात, फळे मात्र त्यातल्या फार थोड्यांची होतात. तीन धारांच्या त्या फळांतले बरेचसे बी रुजतही नाही.

त्यामुळे रानात सालई टिकते ती मुख्यतः मुळांवरच्या फुटव्यांनी. पावसाळ्यापूर्वी जाड फांदी तोडून रोवली तर तिलाही मुळे फुटतात, आणि लागवडीसाठी हा मार्ग बियांपेक्षा भरवशाचा आहे. डिंकासाठी वनशास्त्राचा सल्ला असा की छेद उथळ असावा, लहान खोडाला हात लावू नये आणि सलग तीन हंगाम डिंक काढल्यावर झाडाला तितकीच वर्षे विसावा द्यावा.